खुनापेक्षा लहान खोटं, खुनापेक्षा मोठं खोटं: ‘द किलिंग’ बघावी की ‘स्टेट ऑफ प्ले’?

खून आणि राजकारण एकत्र आणणाऱ्या मालिकांना तोटा नाही. पण बहुतेकींचा दम चौथ्या-पाचव्या भागात सुटतो. मंत्री खलनायक ठरतो, पोलीस अधिकारी एकटाच प्रामाणिक उरतो, आणि पुढचं सगळं आपण आधीच ओळखलेलं असतं. या गर्दीतल्या दोन मालिका मी कित्येकांना सुचवल्या आहेत. दर वेळी उलटा प्रश्न येतो, की वेळ एकीपुरताच आहे, तर कोणती?

पहिली डॅनिश, २००७ची ‘फोर्ब्रुडेल्सन’. शब्दाचा अर्थ नुसता ‘गुन्हा’, पण इंग्रजी जगात ती ‘द किलिंग’ म्हणून पोचली. दुसरी ब्रिटिश, २००३च्या मे-जूनमध्ये बीबीसी वनवर सहा भागांत दाखवलेली ‘स्टेट ऑफ प्ले’. दोन्हींच्या अमेरिकी आवृत्त्याही निघाल्या, त्यामुळे निवडणाऱ्याचा गोंधळ दुप्पट होतो. त्यांच्याबद्दलही बोलू, पण शेवटी आणि थोडक्यात. खुनी कोण हे इथे कुठेही सांगितलेलं नाही. सुरुवातीच्या भागांतलं काही उघड होईल, तेवढं चालवून घ्या.

आधी घड्याळाचं बोलू, कारण बऱ्याच जणांचा निर्णय तिथेच होतो. ‘स्टेट ऑफ प्ले’ सहा तासांच्या आत संपते. शनिवार-रविवारात बसून उरकता येते. ‘द किलिंग’च्या पहिल्या पर्वाचे २० भाग आहेत, प्रत्येक साधारण तासाभराचा, आणि सगळे मिळून एकच खून. एक भाग म्हणजे तपासाचा एक दिवस. विसाव्या भागापर्यंत आपण कोपनहेगन शहरात नोव्हेंबरचे वीस दिवस काढलेले असतात आणि त्यात ऊन पडलेलं फारसं आठवत नाही. शिवाय भाषा डॅनिश. स्वयंपाक करता करता किंवा फोन चाळत ऐकायची सवय असेल, तर ही मालिका तुमच्यासाठी नाही. सबटायटल्स वाचायची, म्हणजे डोळे पडद्यावरच ठेवायचे. माझ्या मते हा तोटा नसून फायदा आहे. यातले निम्मे पुरावे कुणी बोलून दाखवत नाही, ते चेहऱ्यांवर असतात.

आता मुद्द्याचं. दोन्ही मालिकांत एक तरुणी मरते आणि धागा राजकारण्याच्या दारात जातो. वरवर कथा एकच वाटते. पण दोघींमधलं खोटं वेगवेगळ्या मापाचं आहे. ‘द किलिंग’मधली माणसं खुनापेक्षा लहान गोष्टी लपवतात. ‘स्टेट ऑफ प्ले’मधली माणसं खुनापेक्षा मोठी गोष्ट लपवतात. मला वाटतं, कोणती बघायची याचं उत्तर या फरकात आहे.

‘द किलिंग’ची सुरुवात अशी. कोपनहेगनच्या पोलीस खात्यात सारा लुंडचा शेवटचा दिवस आहे. ती मुलाला घेऊन स्वीडनला, होणाऱ्या नवऱ्याकडे निघाली आहे. सहकारी निरोपाची थट्टा म्हणून तिला खोट्या ‘घटनास्थळी’ बोलावतात. तिच्या जागी यान मायर नावाचा अधिकारी रुजू झाला आहे. इतक्यात १९ वर्षांची नाना बर्क लार्सन बेपत्ता असल्याचं कळतं. पुढे पाण्यातून एक मोटार वर काढली जाते, डिकीत नानाचा मृतदेह असतो, आणि ती मोटार निघते ट्रोल्स हार्टमन या महापौरपदाच्या उमेदवाराच्या प्रचारासाठी भाड्याने घेतलेली. निवडणूक तीन आठवड्यांवर.

इथे कोपनहेगनच्या महापालिकेची घडी माहीत असली तर मजा वाढते. तिथे मुख्य महापौर एक असतो, पण खाती सांभाळणारे आणखी सहा महापौर असतात, आणि ही पदं पक्षांच्या बळानुसार वाटली जातात. म्हणजे विरोधकही कारभारात बसलेला असतो. मालिकेतला हार्टमन शिक्षण खातं सांभाळतो आणि ज्याच्या हाताखाली काम करतो, त्या मुख्य महापौर पॉल ब्रेमरलाच पाडायला निघाला आहे. खऱ्या सभागृहात ५५ सदस्य असतात आणि सत्ता छोट्या पक्षांशी जुळवून घेऊनच चालते. म्हणून इथल्या राजकारणात नोटांनी भरलेल्या बॅगा फारशा दिसत नाहीत, दिसतात त्या बैठका. बंद दारामागे कुणी कुणाला पाठिंबा द्यायचा, कोणती माहिती कुणाच्या कानावर कधी घालायची, आपल्या कार्यालयातून बातमी फोडतंय कोण. प्रत्येक जण पोलिसांना सांगेन म्हणतो, पण उद्या, मतदान झाल्यावर, आघाडीची बोलणी संपल्यावर.

खुनापेक्षा लहान खोटं म्हणतेय ते हेच. कुणी एका रात्रीचा हिशेब द्यायला नकार देतो. कुणी पक्षाच्या ताब्यातल्या एका जागेबद्दल गप्प बसतो. कुणी गाडीच्या किल्ल्यांची नोंद जरा ‘नीट’ करून ठेवतो. यातलं एकही खोटं खून लपवण्यासाठी नाही. कुणाला अब्रू वाचवायची आहे, कुणाला पद, कुणाला जोडीदार. पण अशी दहा लहान खोटी एकावर एक रचली गेली, की तपास दिवसेंदिवस चुकीच्या दारावर थापा मारत राहतो. संशयाची सुई एका स्थलांतरित कुटुंबातल्या शिक्षकाकडे वळते. तेव्हा शाळा आणि एकात्मीकरणाच्या योजना यांचंच राजकारण करणाऱ्या उमेदवाराची जी कोंडी होते, ते भाग मला सगळ्या मालिकेत सरस वाटतात. तत्त्वाला चिकटून राहावं तर मतं जातात, सोडावं तर तोंड जातं.

डॅनिश सरकारी वाहिनी डीआरमध्ये त्या काळात एक नियम पाळला जायचा. मालिकेत वरच्या कथेखाली समाजाबद्दलची दुसरी कथा असलीच पाहिजे. इथे त्या नियमाची शिस्त दिसते. आणि एक योगायोगही सांगते. डेन्मार्कमध्ये हे पर्व दोन तुकड्यांत दाखवलं, पहिले १० भाग जानेवारी ते मार्च आणि उरलेले १० सप्टेंबर ते नोव्हेंबर. त्याच नोव्हेंबरच्या १३ तारखेला देशात खरीखुरी संसदीय निवडणूक झाली. पडद्यावर उमेदवार घाम पुसतोय आणि बाहेर खांबाखांबावर उमेदवारांचे चेहरे, असं ते काही दिवस चाललं असणार.

पण ही मालिका मनात राहते ती राजकारणामुळे नाही, नानाच्या आईवडिलांमुळे. टाइस आणि पर्निला बर्क लार्सन. टाइसचा घरसामान हलवण्याचा धंदा आहे. मुलगी पाण्यातून निघते तेव्हा टाइस तिथे पोलिसांच्या कड्यापाशी पोचलेला असतो आणि फोनवर पर्निला असते. तिला कुणी काही सांगत नाही. फोनमधून येणाऱ्या आवाजावरून तिला कळतं. गुन्हेकथांमध्ये मृताचे आईवडील सहसा पहिल्या भागात रडतात आणि तिसऱ्या भागात नाहीसे होतात. इथे ते वीसही दिवस आपल्यासोबत असतात. दफनविधीचं ठरवायचं, धाकट्या मुलांना डबा द्यायचा, सामान हलवायची आधी घेतलेली कामं उरकायची. उमेदवार टीव्हीवर बोलत असतो आणि स्वयंपाकघरात पर्निला आवाज बंद करते. सत्तेच्या खेळात माणूस कसा चिरडला जातो यावर कुणीही भाषण देत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

सारा लुंडबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर तिचे चाहते रागावतील. सोफी ग्रोबलने ती केली आहे, जवळजवळ न बोलता. अंगात फेरो बेटांवरचा लोकरी स्वेटर, जो पुढे मालिकेइतकाच गाजला. ती चांगली आई नाही, चांगली सहकारीही नाही, कुणाचा निरोप नीट घेत नाही. खोलीत शिरली की बोलणाऱ्याकडे न बघता भिंतीवरच्या फोटोकडे बघत उभी राहते. खुनी कोण हे नटमंडळींनाही चित्रीकरण चालू असताना माहीत नव्हतं, असं सांगतात. ते पटतं, कारण प्रत्येक जण आपण निर्दोष असल्यासारखा वागतो आणि तरीही संशयास्पद दिसतो.

दोष? आहेत, आणि बारीकसारीक नाहीत. नवा संशयित येतो, दोन-तीन भाग राहतो, सुटतो, मग पुढचा. दहाव्या भागाच्या आसपास हा हिशेब तुमच्या लक्षात येतो आणि मग संशयित जितका गडद, तितका तो निर्दोष असं गणित आपोआप मांडलं जातं. २० ऐवजी १५ भागांत हे सगळं मावलं असतं. आणि लुंडबाई एकट्याच, मदत न मागवता, टॉर्च घेऊन अंधाऱ्या गोदामात शिरतात ती सवय! एकदा ठीक, पाचव्यांदा मी चक्क हसले.

आता लंडनकडे. ‘स्टेट ऑफ प्ले’ची पहिली दहा मिनिटं या सगळ्याच्या उलट स्वभावाची आहेत. एक मुलगा रस्त्यातून जिवाच्या आकांताने पळतो आणि गोळ्या घालून मारला जातो. त्याच सकाळी खासदार स्टीफन कॉलिन्सची संशोधक सोनिया बेकर भुयारी रेल्वेखाली मरते. पहिली बातमी अमली पदार्थांच्या भांडणाची म्हणून आतल्या पानावर जाणार, दुसरी अपघाताची. मग चारचौघांत, कॅमेऱ्यांसमोर, कॉलिन्सला रडू कोसळतं, आणि तो ज्या नात्याने आपल्या मदतनीसासाठी रडतोय, ते नातं भलतंच असल्याचं सगळ्यांच्या लक्षात येतं. कॉलिन्स संसदेच्या ऊर्जाविषयक समितीचा अध्यक्ष आहे. तेल कंपन्यांना प्रश्न विचारणं हे त्याचं काम. पुढचं तुम्ही बघा.

इथे तपास पोलिसांचा नाही, वृत्तपत्राचा आहे. बातमीदार कॅल मॅकॅफ्री हा एकेकाळी याच कॉलिन्सचा प्रचारप्रमुख होता. म्हणजे मित्राची बातमी करायची, मित्राला वाचवायचं, आणि मित्र खोटं बोलत असेल तर ते छापायचं, तिन्ही कामं एकाच माणसाकडे. कॅल झालेला जॉन सिम आणि कॉलिन्स झालेला डेव्हिड मॉरिसी या दोघांमधल्या प्रत्येक भेटीत ही चुरस असते. दोघं गप्पा मारताहेत की एक दुसऱ्याचा जबाब घेतोय, हे दोघांनाही नीट सांगता येणार नाही.

पॉल ॲबटच्या लेखणीत वेग आहे, पण तो धावपळीचा वेग नाही, बोलण्याचा आहे. संपादकांच्या खोलीत चार माणसं एकाच वेळी बोलतात, वाक्यं अर्धवट सोडतात, कुणीतरी फोनवर खोटं बोलत असतं, आणि त्यातून कुणाला किती माहीत आहे ते आपल्याला कळतं. मालिकेचा कळस म्हणजे हॉटेलच्या खोलीत डॉमिनिक फॉय नावाच्या जनसंपर्कवाल्याला बोलतं करायचा लांबलचक प्रसंग. शेजारी बाकीचे बातमीदार छुपं चित्रीकरण करत बसलेले. फॉय घाबरतो, गोड बोलतो, रडतो, पुन्हा खोटं बोलतो. पिस्तूल नाही, पाठलाग नाही. तरीही मी खुर्चीच्या कडेवर होते. आणि संपादक कॅमरन फॉस्टर झालेला बिल नाय! कोरडा, तिरकस, प्रत्येक संकटात ‘आता वकिलाला काय सांगू’ या चेहऱ्याने उभा. त्याला या भूमिकेसाठी बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला तो उगीच नाही. तरुण जेम्स मॅकअवॉयही इथेच आहे, आणि दिग्दर्शक डेव्हिड येट्सने पुढे हॅरी पॉटरचे शेवटचे चार चित्रपट केले.

यातलं खोटं खुनापेक्षा मोठं आहे. खून हा इथे व्यवहारातला एक खर्च आहे. ऊर्जेचं धोरण, तेलाचा पैसा, समितीत कोण बसणार, सरकारला कोणता अहवाल सोयीचा, या साखळीत दोन माणसं मेली तर साखळीतल्या कुणालाही आपण खुनी आहोत असं वाटत नाही. ‘द किलिंग’मध्ये भ्रष्टाचार तपासाला आडवा येतो. ‘स्टेट ऑफ प्ले’मध्ये भ्रष्टाचार हाच तपासाचा विषय आहे. म्हणून पहिलीत मन हेलावतं आणि दुसरीत डोकं चालतं.

कायद्याचा एक बारकावा माहीत असला तर ब्रिटिश मालिका जास्त चढते. तिथे बातमीदाराला आपला स्रोत न सांगण्याचं संरक्षण १९८१च्या न्यायालय अवमान कायद्याने दिलं आहे, पण न्यायदान, राष्ट्रीय सुरक्षा आणि गुन्हा रोखणं हे अपवाद ठेवून. म्हणजे खुनाच्या प्रकरणात वृत्तपत्र पुरावा दाबून बसलं, तर ते शौर्य आहे की गुन्हा, हे सरळ ठरत नाही. मालिका या करड्या पट्ट्यात मनसोक्त फिरते. बातमीदार पोलिसांना फसवतात, पोलीस वृत्तपत्राला वापरतात, मालक वरून दडपण आणतो, बातमी थोपवायला न्यायालयाचा मनाई हुकूम निघतो. पत्रकारांना देव केलेलं नाही. पहिलं पान आपलं व्हावं यासाठी ते काय काय करतात ते बघून अधूनमधून कॉलिन्सबद्दलच सहानुभूती वाटते.

आणि हो, काळ २००३चा. बातमी छपाईच्या वेळेवर अडलेली असते, समाजमाध्यमं नाहीत, मोठ्ठे संगणक आहेत. विशीतल्या प्रेक्षकाला हे पुराणवस्तू संग्रहालय वाटेल कदाचित. मला मात्र ती मर्यादाच कथेचा कणा वाटते. सकाळी काय छापून येणार हे रात्री दहा वाजता ठरायचं असतं, म्हणून प्रत्येक संध्याकाळ तापलेली असते.

हिच्या खोडी सांगते. कॅल आणि कॉलिन्सची बायको ॲन यांच्यातलं प्रकरण मला ओढूनताणून आणलेलं वाटलं. इतका हुशार बातमीदार इतका बिनडोकपणा करतो ते केवळ कथेची सोय म्हणून. काही दुवे योगायोगाने जुळतात. मारल्या गेलेल्या मुलाचं घर मालिका लवकर विसरते. इथे डॅनिश मालिकेची उंची पुन्हा आठवते, कारण तिथे मृताचं घर हेच केंद्र आहे.

शेवटाबद्दल, काही न फोडता. दोन्ही शेवट धक्का देतात, पण ‘स्टेट ऑफ प्ले’चा शेवट मागे वळून बघितला तर पहिल्या भागापासून तुमच्या समोर होता. दुसऱ्यांदा बघताना ती आणखी चांगली वाटते. ‘द किलिंग’चा उलगडा तितका घट्ट विणलेला नाही. उत्तर कळल्यावर काही जुने प्रसंग उघडेच राहतात. मात्र उलगड्यानंतरचा शेवटचा अर्धा तास फार जड जातो, आणि हार्टमनच्या वाट्याला जे येतं ते मालिकेतलं सगळ्यांत कडवट राजकीय विधान आहे. भाषण न करता केलेलं.

राहिल्या अमेरिकी आवृत्त्या. ‘द किलिंग’ एएमसी वाहिनीने २०११मध्ये सिॲटलला नेली. मिरेल इनोस आणि जोएल किनामन ही जोडी छानच आहे. किनामनने साकारलेला होल्डर मूळ मायरपेक्षा जास्त जिवंत आहे, असं मी डॅनिश भक्तांच्या समोरही म्हणेन. पहिला भाग जवळपास प्रसंगाला प्रसंग जोडून उचललेला, पुढे वाटा फुटतात. खुनी वेगळा आहे, त्यामुळे एक बघितली म्हणून दुसरी वाया जात नाही. महापालिकेतल्या आघाडीच्या बैठकांच्या जागी इथे कॅसिनो, किनाऱ्याची जमीन आणि देणग्या येतात, आणि ते त्या देशाला शोभतं. पण एकच खून १३-१३ भागांच्या दोन पर्वांत ताणला आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी उत्तर न दिल्यामुळे प्रेक्षक भयंकर खवळले होते. आज सलग २६ भाग लावता येत असल्याने तो राग तुम्हाला येणार नाही, कंटाळा येऊ शकतो. दुसऱ्या पर्वात सोफी ग्रोबल सरकारी वकील म्हणून क्षणभर डोकावते, तेवढं बघून मला उगाच आनंद झाला.

‘स्टेट ऑफ प्ले’चा २००९चा चित्रपट वॉशिंग्टनमध्ये घडतो. रसेल क्रो, बेन ॲफ्लेक, आणि तेल कंपनीच्या जागी खासगी लष्करी कंत्राटदार. सव्वादोन तासांच्या आत संपतो. वाईट नाही. पण सहा तासांचा युक्तिवाद दोन तासांत कोंबल्यावर उरतात ते फक्त धक्के, आणि ते एकदा कळले की मालिकेची अर्धी मजा गेली. मालिका बघायचा किंचितही विचार असेल तर चित्रपट आधी लावू नका.

तर एकच सांगायची तर, कामावरून थकून आल्यावर रोज एक भाग, अशा सवयीने बघणार असाल तर ‘द किलिंग’ घ्या. रोज एक भाग, रोज तपासाचा एक दिवस, हा मेळ इतका जमतो की वीस दिवसांनी लार्सन कुटुंब शेजारी राहायला होतं असं वाटतं. सलग बसायला एकच सुट्टी असेल, राजकारणाची आतली यंत्रणा कशी फिरते यात रस असेल, किंवा घरात सबटायटल्सना नाक मुरडणारं कुणी असेल, तर ‘स्टेट ऑफ प्ले’. अलीकडे घरात मृत्यू झाला असेल तर डॅनिश मालिका तूर्त बाजूला ठेवा. पहिल्या भागातला तो फोन सोसायचा नाही. मला स्वतःला निवडायला लावलं तर मी ब्रिटिश म्हणेन, एका केसाने. उद्या विचाराल तर कदाचित उलटं सांगेन.

डॅनिश घेतलीच, तर आणखी दोन पर्वं आहेत, २००९ आणि २०१२ची, प्रत्येकी १० भागांची आणि स्वतंत्र प्रकरणांची. दुसऱ्यात सैन्य आणि न्यायमंत्री, तिसऱ्यात पंतप्रधान आणि एक उद्योगसमूह. दोन्ही जास्त आटोपशीर आहेत. पहिलं पर्व मात्र सोडू नका, आणि नटांची नावं शोधायला इंटरनेटवर जाल तर पात्रांची वर्णनं वाचू नका. तिथे एका ओळीत सगळं सांगून टाकलेलं असतं.